कबर नसलेल्यांची नावे

कबर असली म्हणजे आप्तांना फातिहा पढावयास निदान एक जागा असते. ज्यांची कबरच नाही त्यांचे काय? इंग्लंडमध्ये रनीमीड येथे, जेथे १२१५ साली मॅग्ना कार्टाचा करार झाला त्या कुरणाच्या वरच्या टेकडीवर, दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे दगडी भिंतींवर कोरलेली आहेत. ब्रिटन व पश्चिम युरोपातील तळांवरून ही माणसे गेली, ती परतली नाहीत. १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथ (दुसरी) यांनी या स्मारकाचे उद्घाटन केले.

त्यांत नूर इनायत खान हे नाव वाचून आपण थबकतो. बडोद्यास जन्मलेले सूफी गायक हजरत इनायत खान यांची ही कन्या. मुलांसाठी जातककथा लिहिणारी, अहिंसेच्या संस्कारांत वाढलेली ही मुलगी १९४० साली ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली, म्हणूनच तिचे नाव येथे आहे. जून १९४३ मध्ये बिनतारी संदेशवाहक म्हणून ती गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरली. सहकारी एकामागून एक पकडले जात असतानाही ती पॅरिस सोडून परतली नाही. ऑक्टोबरमध्ये तीही सापडली. तुरुंगात तिला साखळदंडांत ठेवण्यात आले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घालून देह जाळण्यात आला. जॉर्ज क्रॉस मिळाला तो मरणोत्तर, १९४९ साली.

पित्याचा दर्गा दिल्लीत निजामुद्दीन येथे आहे. कन्येचे नाव रनीमीडच्या भिंतीवर.