कमी ऑक्टेनचे पेट्रोल : मोटारीच्या इंजिनावरील परिणाम

इंजिनाला लागते त्याहून कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल वापरल्यास नॉकिंग होते, ओढ घटते आणि कालांतराने पिस्टन निकामी होऊ शकतो. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवतात; आयसो-ऑक्टेनचा अंक 100 व नॉर्मल हेप्टेनचा 0 धरला जातो.

कारण : स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम भडकते. त्यातून उठलेल्या दाबलहरींमुळे धातूवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली, की तो जास्त जाणवतो.

परिणाम : आधुनिक मोटारीत नॉक सेन्सर हे ठोके टिपतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण पिकअप व अ‍ॅव्हरेज घटते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत ही सोय नव्हती. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे घेत. ठोके दुर्लक्षित राहिल्यास पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट फुटते.

मुंबईतील पुरवठा : अँटॉप हिलच्या पूर्वेस, मिठागरांपलीकडे माहुल येथे 1954-55 पासून तेलशुद्धीकरण चालते. आज तेथे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियमचे कारखाने आहेत. भारत स्टेज 6 मानकानुसार साध्या पेट्रोलचा किमान अंक 91, तर 20 टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलचा 95 आहे. ज्या गाडीच्या पुस्तिकेत 91 पुरेसा म्हटला आहे, तिला महाग प्रीमियम पेट्रोलचा विशेष लाभ नाही. 95 सांगितलेल्या गाडीत चुकून 91 भरले गेल्यास टाकी रिकामी करण्याची सहसा गरज नसते. अ‍ॅक्सिलरेटर जपून दाबावा, चढावर खालचा गिअर घ्यावा व पुढच्या वेळी योग्य पेट्रोल भरावे.

भेसळ : रॉकेल मिसळल्याने ऑक्टेन अंक झपाट्याने घसरतो. हा गुन्हा इंजिनापुरता मर्यादित नाही : 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेलभेसळ रोखताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पंपावर फिल्टर पेपर मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर टाकलेला शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. रॉकेलाचा तेलकट डाग उरतो. शंका आल्यास ही चाचणी निःसंकोचपणे करून घ्यावी.