शाळा उघडली, ताई घरीच राहिली

४ ऑक्टोबर २०२१ ला सोमवार होता. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या आणि शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा त्या दिवशी सुरू झाल्या. सकाळी आमच्या पाममधल्या रस्त्यावर बऱ्याच दिवसांनी दप्तरं दिसली. दीड वर्षात मुलांची उंची वाढलेली, त्यामुळे कुणाची पँट घोट्याच्या वर गेलेली, कुणाच्या शर्टाची बटणं ओढलेली. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, काम घरूनच चालू होतं.

शेजारची मुलगी त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती नववीत होती. मी विचारलं, "आज शाळा नाही का गं?"

"माझी आहे दादा. याची नाही," ती म्हणाली आणि मागे बसलेल्या भावाकडे मान वळवली. तो दुसरीत होता.

मी "हं" म्हणालो आणि मीटिंगला जोडला गेलो. त्या उत्तराचा अर्थ मला पुढे दोन-तीन वर्षांनी लागला. करोनातल्या शाळाबंदीबद्दल मला जे सांगायचंय, ते सगळं तिच्या त्या एवढ्याशा उत्तरात आहे.

पाम हे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं गाव. तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्यांवर इथल्या घरांची घड्याळं चालतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कारखाने आणि शाळा दोन्ही बंद पडले. भाड्याच्या खोल्यांतून राहणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले, त्यांची मुलंही गेली. कारखाने मात्र २०२० च्या उन्हाळ्यातच टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला लागले. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे आईबाप कामावर गेले, तरी धाकटी मुलं त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ घरीच होती. कुणीतरी त्यांच्याजवळ थांबणं भाग होतं.

शेजारच्या घरात हे 'कुणीतरी' म्हणजे ती. वडील कंत्राटी कामगार. महिन्याचे भरणारे दिवस कमी झाले म्हणून काकीही एका कंपनीत पॅकिंगला जायला लागल्या. टाळेबंदीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी माझा जुना स्मार्टफोन त्या घरात देऊन टाकला होता. कॅमेऱ्याची काच तडकलेली, पण बाकी फोन ठीक होता. रिचार्जही मीच मारायचो. खरं सांगायचं तर, माझ्याकडून या घराचा शिक्षणाचा प्रश्न सुटला असं मी धरून चाललो होतो. इंजिनिअरच्या डोक्यात प्रश्न असाच येतो: उपकरण नाही, उपकरण दिलं, विषय संपला.

सरकारचंही साधारण तसंच चाललं होतं. त्यात कुणाची नियत खोटी होती असं नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत व्हॉट्सअॅपवर रोज अभ्यासमाला यायची. दीक्षा अॅप होतं. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. त्या वर्षीचा पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला गेला. आमच्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली. स्पीकरवर धडे लावायचे आणि मुलांनी अंतर ठेवून भोवती बसायचं. जिथे रेंज नाही तिथे आवाज तरी पोचतो, हा त्यामागचा साधा हिशोब होता.

तरीही पोचलं किती? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत एक सर्वेक्षण झालं. त्यात खेड्यांतली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतल्या १६ हजारांवर मुलांची पाहणी केली होती. त्यांतली ९२ टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हेच प्रमाण ८२ टक्के होतं. नवीन शिकायचं राहिलं, हे सगळ्यांना कळत होतं. आलेलंही निघून जातं, हे या आकड्यांमुळे कळलं.

एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वर ढकललं गेलं, मग नववी आणि अकरावीलाही. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि त्या वर्षीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. मागे राहिलेलं भरून काढायला १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला. पण तेव्हा आमच्याकडे शाळाच बंद होत्या. फोनमुळे जे राहिलं, ते भरून काढायचा सेतूही फोनवरच आला.

शेजारच्या घरात फोन एक आणि मुलं दोन. तिच्या आठवीचं गणित आणि त्याची पहिलीची मुळाक्षरं एकाच वेळी यायची. फोन बहुतेक वेळा त्याच्या हातात असायचा, कारण तो रडायचा आणि ती रडायची नाही. थोड्या दिवसांनी तिने फोनचा नाद सोडला. ओट्याच्या कोब्यावर खडूने अक्षरं काढायला सुरुवात केली. क, म, ल. चिंचोके मोजायला, रेशनच्या पिशवीवरचे शब्द वाचायला. संध्याकाळी काकी पाळीवरून आल्या की कोबा धुतला जायचा, सकाळी पुन्हा अक्षरं. हे मी रोज बघत होतो. त्याला शाळा म्हणतात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याला शाळा म्हणतात हे याच जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी ओळखलं होतं. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ च्या अखेरीस डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या आणि नोकरी करत पुढे शिकलेल्या शिक्षिका. शाळा काढली, पण पाड्यांवरची मुलं येईनात. मग या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, तो 'अंगणवाडी' शब्द इथल्या या अंगणांतून आला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा त्या योजनेने तो उचलला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर कुरणात जाऊन शिकवणारी कुरणशाळा निघाली. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची विकासवाडी. त्यांच्या लक्षात आलं होतं की सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. ती आळशी नसते, आईबापांना शिक्षण नको असतं असंही नाही. मूल सांभाळायला दुसरं कुणी नसतं, एवढंच. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. ताईने धाकट्याला घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात किंवा बालवाडीत सोडायचं आणि शेजारी स्वतःच्या वर्गात बसायचं.

मी शाळेत असताना ताराबाई-अनुताईंची नावं निबंधापुरती पाठ केली होती. विकासवाडीबद्दल नीट वाचलं ते दोन वर्षांपूर्वी. वाचताना ४ ऑक्टोबरची ती सकाळ आठवली आणि 'माझी आहे, याची नाही' हे उत्तर पहिल्यांदा कळलं.

शाळा उघडण्याचे आदेश इयत्तेप्रमाणे निघाले. मोठी मुलं मास्क नीट वापरतील, त्यांच्या परीक्षा जवळ आहेत, म्हणून आधी मोठे वर्ग आणि मग लहान. कागदावर हे बिनचूक होतं. पण घर इयत्तेप्रमाणे चालत नाही, भावंडांप्रमाणे चालतं. दुसरीतला भाऊ घरी असताना नववीतल्या बहिणीची शाळा उघडून तिच्यासाठी काहीच उघडत नाही. ४ ऑक्टोबर ते १ डिसेंबर या जवळपास दोन महिन्यांत ती मोजून काही दिवस शाळेत गेली. काकींना सुट्टी मिळाली, तर. त्या दोन महिन्यांत वर्गात बीजगणित बरंच पुढे गेलं. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. मार्च २०२३ मध्ये ती दहावीला बसली. गणित राहिलं. एटीकेटी घेऊन अकरावीला जाता आलं असतं, पण कॉलेज म्हणजे बोईसर, रोजचं रिक्षाभाडं, आणि "राहिलेला विषय निघेल कशावरून?" हा घरातला प्रश्न. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरलाच गेला नाही.

शाळा किती दिवस बंद राहिली यापेक्षा उघडल्यावर काय झालं, याने जास्त फरक पडतो, असं दाखवणारा एक अभ्यास पाकिस्तानातला आहे. २००५ च्या भूकंपानंतर तिथल्या शाळा सरासरी साडेतीन महिने बंद होत्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांना तपासलं, तेव्हा भूकंपाच्या जवळच्या भागातली मुलं साधारण दीड इयत्ता मागे होती. बंद साडेतीन महिने, नुकसान दीड वर्षाचं. म्हणजे शाळा सुरू झाल्यावरही ती मागेच पडत गेली. वर्ग पुस्तकाच्या पानाप्रमाणे पुढे जात राहिला आणि ज्यांचं मागचं पान सुटलं होतं, त्यांना पुढचं कळेना. मात्र ज्यांच्या आया निदान प्राथमिक शाळा शिकलेल्या होत्या, त्या मुलांचं असं नुकसान दिसलं नाही. घरात शिकवू शकणारं एक माणूस असलं की पुरतं.

शेजारच्या घरात ते माणूस तेरा-चौदा वर्षांचं होतं.

आता आकडे पुन्हा चांगले दिसतात. 'असर'च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ वर परत आली. पाचवीतही सुधारणा झाली, आणि २०२४ ची पाचवी म्हणजे २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुलं. आठवीतली सुधारणा मात्र नावापुरती. धाकट्यांसाठी शिक्षकांनी अक्षर-अंकांपासून पुन्हा सुरुवात केली, त्याचं फळ दिसलं. मोठ्यांसाठी तसं थांबायला वेळापत्रकात जागाच नव्हती. हेही लक्षात ठेवायला हवं की आपण ज्या जागी परतलो, तिथेही तिसरीतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांना दुसरीचं वाचता येत नव्हतं.

ऑफिसात आम्ही डॅशबोर्ड बघतो. आलेख लाल झाला की धावपळ, हिरवा झाला की तिकीट बंद. हा आलेख जवळपास हिरवा झालाय. शेजारचा तो मुलगाही त्यात कुठेतरी आहे म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्रात आता पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, ती तो पहिल्या फटक्यात पास झाला. सहावीत आहे, वर्तमानपत्र घडाघडा वाचतो. त्याला वाचायला शिकवणारी त्या आलेखात कुठेच नाही. तिसरी, पाचवी, आठवी, कुठल्याच रकान्यात ती बसत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ती आईसारखीच पॅकिंगला लागली. तिच्या वयाच्या अशा किती मुली आमच्या रस्त्याने सकाळच्या पाळीला जातात, ते मी आता बघतो. मुलगे तर जातातच.

मला सरकारपेक्षा स्वतःचा हिशोब जास्त टोचतो. साथ नवीन होती, लोक मरत होते, आदेश काढणाऱ्यांना रोज नवं काही कळत होतं. मला काय अडचण होती? मी त्या दोन महिन्यांत दिवसभर ओट्यावरच होतो. तो दुसरीतला पोरगा माझ्या शेजारी चित्रं काढत बसू शकला असता. दुपारी मी त्याला जेवायला वाढू शकलो असतो. फोन दिला, रिचार्ज मारला, पण "त्याला माझ्याकडे बसव आणि तू जा" हे एक वाक्य मला सुचलं नाही. अनुताईंनी ज्या साध्या गोष्टीसाठी पाळणाघर काढलं, तेवढं पाळणाघर माझ्या ओट्यावर होऊ शकलं असतं.

गेल्या महिन्यात ती संध्याकाळी आली. हातात भावाची गणिताची वही होती, त्याला काहीतरी अडलं होतं. ते सांगून झाल्यावर उठता उठता म्हणाली, "दादा, दहावीचा एकच विषय परत देता येतो ना? किती वर्षांनी चालतो?"

मी म्हणालो, "चौकशी करतो." मग लगेच म्हणालो, "पण पुस्तक आहे का तुझं?"

पुस्तक रद्दीत गेलं होतं. आता नवीन आणलंय. तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही बसतो. पहिल्या दिवशी दहावीचं पहिलं प्रकरण काढलं, तर तिने ते मिटून ठेवलं. म्हणाली, "इथून नको. आठवीपासून घे. तिथपासूनचंच राहिलंय."