मराठवाड्याच्या वाटेवरील स्काऊट चळवळ

कोणत्याही संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे वळून पाहताना व्यासपीठावरील नावे चटकन आठवतात; मंडपामागे पाण्याची पिंपे भरणारे हात मात्र विस्मृतीत जातात. उत्सव असो, शिबिर असो वा आपत्ती असो, कार्य तडीस जाते ते या हातांमुळेच. परंतु केवळ हात पुष्कळ असून भागत नाही. छातीवर बिल्ला लावलेले चाळीस तरुण स्वागतकक्षाशी उभे, आणि भोजनशाळेत वाढायला कोणी नाही, हे दृश्य कोणत्या गावाने पाहिलेले नाही? सेवाभाव असूनही सेवा का घडत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न विसाव्या शतकात स्काऊट चळवळीने केला. चाकूरसारख्या लातूर-नांदेड मार्गावरील गावाच्या दृष्टीने तो इतिहास वाटतो तितका दूरचा नाही.

चळवळीचे मूळ एका युद्धात आहे. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावाला १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढा पडला होता. शिपाई अपुरे पडू लागल्यावर निरोप पोहोचविणे, पहारा देणे, रुग्णांना मदत करणे ही कामे गावातील मुलांच्या तुकडीवर सोपविण्यात आली, आणि ती त्यांनी चोख पार पाडली. वेढ्यातील सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांच्या मनावर हे ठसले. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे एक शिबिर भरविले. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती, तशीच सामान्य कुटुंबांतील मुलेही होती. त्यांचे चार संघ पाडण्यात आले, प्रत्येक संघाला त्यांच्यापैकीच एक नायक देण्यात आला, आणि संघाची जबाबदारी खरोखरच त्या नायकावर टाकण्यात आली. पुढच्याच वर्षी यासंबंधीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ जगभर पसरली. पोशाख, स्कार्फ, शिट्टी, डाव्या हाताचे हस्तांदोलन ही तिची बाह्य लक्षणे होत. खरा शोध होता तो लहान संघाचा.

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळूर येथे आले, परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. ज्यांच्या हाती राज्य होते त्यांना भारतीय तरुणांनी संघटित होण्याची भीती वाटत असावी, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. ही दारे बंद राहिल्यामुळे भारतीयांनी आपली स्वतंत्र दारे उघडली. मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी स्काऊट संघटना काढली. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी शहाजहानपूर येथे मुलांचे सेवापथक उभारले होते. पंडित मदनमोहन मालवीय आणि पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या साहाय्याने अलाहाबादेत १९१८ मध्ये त्यातूनच सेवा समिती स्काऊट संघटना आकारास आली. त्याच वर्षी अलाहाबादेत कुंभमेळा होता. हरवलेल्या मुलांना घरी पोहोचविणे, वृद्धांना गर्दीतून घाटापर्यंत नेणे, आजाऱ्यांना तंबूत आणणे, अशा कामांत भारतीय स्वयंसेवकाची नवी ओळख घडत गेली. इंग्रजी पुस्तकातील खेळ आणि आपल्या तीर्थयात्रांतील सेवा यांचा येथे मेळ बसला.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. बेझंटबाईंची संघटना मुख्य प्रवाहात आली. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली, कारण राजनिष्ठेच्या शपथेचा अडसर होता. १९३७ मध्ये दिल्लीला पहिला अखिल भारतीय मेळावा भरला, तेव्हा बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्यांच्या नावे भारतीयांविषयीचे अवमानकारक उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हा देशभर संताप उसळला. अनेक पथकांनी संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. एकाच देशातील मुले एकाच गणवेशात, पण दोन झेंड्यांखाली उभी राहू लागली.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी निराळ्या रूपात होता. लातूर-नांदेडचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत. शिक्षणाचे माध्यम उर्दू. सभा भरविणे, आखाडा चालविणे, खासगी शाळा काढणे या प्रत्येक गोष्टीला सरकारी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाची आठवण जुन्या पिढीच्या बोलण्यात पुष्कळ काळ टिकून होती. चार तरुणांनी एका ठिकाणी जमून कवायत करणे ही येथे नुसती कवायत राहत नसे. संस्थानातील सरकारी शाळांतून स्काऊट पथके होती. ती परवानगीची होती, आणि म्हणून ती वरून आलेल्या आदेशावर चालणारी होती. दुसरीकडे आर्य समाजाचे आखाडे, वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे यांतून बिनपरवान्याची युवाशक्ती घडत होती. उदगीरचे भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात अंत झाला, तो याच वातावरणात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा मराठवाड्याच्या पदरी दोन वारसे आले: एकात शिस्त होती पण उत्स्फूर्तता नव्हती, दुसऱ्यात उत्स्फूर्तता ओसंडत होती, पण योजना घडविण्याची उसंत कधी मिळाली नव्हती. या भागातील सार्वजनिक कार्याच्या अनेक गुणदोषांचा उगम येथे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर दुभंगलेली चळवळ एकत्र आणण्याचे कार्य पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे राज्यपाल मंगळदास पक्वासा यांनी मनावर घेतले. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस एका संघटनेचे, तर पंडित कुंझरू दुसरीचे. या दोघांनी परस्परांना समजून घेतले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स ही एकच संघटना जन्मास आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या. मुलींचे पहिले पथक जबलपूरला १९११ मध्येच निघाले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. मुलींची चळवळ मुलांच्या मागून नव्हे, जवळजवळ बरोबरीनेच चालली.

नव्या संघटनेच्या वचनातील एक गोष्ट जैन वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख असलेल्या जागी इच्छा असल्यास ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा तेथे दिलेली आहे. जगत्कर्ता ईश्वर न मानणाऱ्या घरातील मूलही मनाला मुरड न घालता वचन घेऊ शकते. स्काऊट नियमांत प्राण्यांशी मैत्री व निसर्गप्रेम यांना जे स्थान आहे, ते तर अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या बालकाला नव्याने शिकवावे लागत नाही.

आता त्या लहान संघाकडे वळावे. एका संघात सहा ते आठ मुले, असे तीन-चार संघ मिळून एक पथक. संघनायक मुलांतलाच. कोणी सामानाची नोंद ठेवतो, कोणी खर्च लिहितो, कोणाकडे प्रथमोपचाराची पेटी, कोणाकडे चूल. पथकाचे निर्णय मानसभेत होतात. तेथे संघनायक बसतात आणि शिक्षक सल्लागार म्हणून ऐकतात. एका प्रौढाला बत्तीस मुलांवर लक्ष ठेवणे अशक्य आहे. चार संघनायकांवर लक्ष ठेवणे शक्य आहे. इतकी साधी ही युक्ती आहे. जेथे शिक्षक स्वतःच सर्व आज्ञा देऊ लागतात तेथे गणवेश राहतो, स्काऊटिंग उरत नाही.

नियोजनाचे खरे कसब दिसते ते शिबिराच्या तयारीत. मराठवाड्यात उन्हाळी शिबिर म्हणजे पाण्याशी झुंज. म्हणून दिवाळीनंतरचा, थंडीचा काळ सोयीचा पडतो. पण सोयाबीनच्या काढणीत शेतकऱ्यांची मुले घरी लागतात, हे ध्यानात न घेता ऑक्टोबरात तारीख ठरविली तर निम्मे पथक येत नाही. पालकांची लेखी संमती, जवळच्या दवाखान्याची चौकशी, पाण्याचे दोन स्वतंत्र स्रोत, शौचाची जागा पाण्यापासून दूर व उताराच्या खालच्या अंगाला, परतीच्या वाहनाची आधीच निश्चिती, ही कामे शिबिरापूर्वी कागदावर मांडून प्रत्येकापुढे नाव लिहावे लागते. नाव न लिहिलेले काम सर्वांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते. आपल्या घरची मुले असतील तर स्वयंपाक संघाला आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो: सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकणे आणि कंदमुळे वर्ज्य ठेवणे. थंडीत दिवस लवकर मावळतो. म्हणजे दुपारचा कार्यक्रम तासभर अलीकडे ओढावा लागतो. धर्माचरण आणि वेळापत्रक यांची सांगड घालणारा चौदा वर्षांचा संघनायक नियोजनाचा जो धडा शिकतो, तो वर्गात मिळत नाही. ‘खरी कमाई’ हा उपक्रमही असाच. मुलांनी स्वतःच्या श्रमाने मिळविलेल्या पैशाचा हिशेब त्यांनीच ठेवायचा असतो. रुपया-दोन रुपयांच्या तफावतीवर मानसभा अर्धा तास बसली तरी तो वेळ वाया गेलेला नसतो.

नियोजनाचे मोल किती, हे लातूर जिल्ह्याला फार मोठी किंमत देऊन कळले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्थापन झालेला हा जिल्हा जेमतेम अकरा वर्षांचा असताना, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची ओझी अंगावर कोसळली. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ जीव गेले. किल्लारी, तळणी, मंगरूळ, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही गावे क्षणार्धात ढिगारे झाली. मदतीसाठी महाराष्ट्रभरातून माणसे धावली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मदतीची वाहने आणि बघ्यांची गर्दी यांनी रस्ते अडले, आणि वरून पाऊस. सैन्य व प्रशासन यांना ढिगारे उपसण्याबरोबरच माणसांची गर्दी आवरण्याचेही काम करावे लागले. कोणी कोठे जावे, काय न्यावे आणि कोणी घरीच थांबावे, हे सांगणारी यंत्रणा पहिल्या दिवसांत अपुरी पडली.

पुढे जे कार्य टिकले ते आखलेले होते. भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. एका दिवसाचे अन्नवाटप आणि वर्षानुवर्षांचे पालकत्व यांत केवढे अंतर आहे, हे समाजाने त्यातून पाहिले. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात तर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सुमारे १२०० गावांत महिला मंडळांना पुढे आणले आणि गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम पाहू लागल्या. कोणाचे घर कोठे अडले आहे हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला कळण्यापूर्वी त्यांना ठाऊक असे. ब्राऊनसी बेटावरील संघनायकाची आणि या संवाद सहायकांची जातकुळी एकच आहे: आपल्यातलाच एक, आणि त्याच्यावर खरी जबाबदारी.

स्काऊट पथकांची स्थिती आज कशी आहे? बहुतेक पथके शाळांशी निगडित आहेत, आणि हेच त्यांचे बळ तसेच दुबळेपणही आहे. शाळेत मुले आयती मिळतात, मैदान मिळते, वेळापत्रकात तास मिळतो. परंतु प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली अथवा ते निवृत्त झाले की पथक कपाटातील स्कार्फपुरते उरते. पुष्कळ ठिकाणी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची मानवंदना हाच वर्षाचा सारा कार्यक्रम होऊन बसतो. पाहुण्यांना सलामी देणारी मुले छान दिसतात, छायाचित्रही चांगले येते. पण प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि त्यापुढील राष्ट्रपती पुरस्कार ही पायरी-पायरीची चढण तेथे थांबलेली असते. संघनायकाने संघ चालविलाच नाही, तर सोपानाचे बिल्ले शिवणकामाची बाब ठरतात.

यावर तोड संघटनेच्या नियमांतच आहे. पथक शाळेचेच असले पाहिजे असे बंधन नाही. शाळेबाहेर, वस्तीतील मुलांचे खुले पथकही नोंदविता येते. अशा पथकास विश्वस्त संस्था, मंडळ वा मंदिराची समिती आश्रय देऊ शकते आणि शिक्षकाच्या बदलीचा धोका तेथे राहत नाही. खुल्या पथकाची अडचण निराळी आहे. शाळेत हजेरी आपोआप लागते. येथे मूल दर रविवारी स्वतःहून यावे लागते, आणि ते येते ते मागच्या रविवारी त्याला काही काम मिळाले असेल तरच. म्हणून अशा पथकाची सुरुवात मोठ्या उद्घाटनाने करणे धोक्याचे असते. सात दिवसांचा प्राथमिक प्रशिक्षण वर्ग पूर्ण केलेली एक प्रौढ व्यक्ती, तिच्या गैरहजेरीत काम पाहणारा एक साहाय्यक, जिल्हा संघटनेकडे नोंदणी आणि आठ मुलांचा एक संघ, इतक्यावर आरंभ होतो. दुसरा संघ काढायचा तो पहिल्या संघाचा नायक नवा नायक तयार करील तेव्हा.