आबांचं तोंडी मृत्युपत्र

२००९ मधली गोष्ट. नरडाण्याच्या घरी आबा खाटेवर होते. फुईला (माझी आत्या) जवळ बोलावून म्हणाले, "हाई वावर तुन्हं." दोन एकर, आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मी सातवीत होतो, समोरच उभा होतो. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं.

आबा गेले. वर्षभरात फुईने हक्कसोडपत्रावर सही केली आणि वावर भावांच्या नावावर झालं. त्या भावांत माझे वडीलही आले.

परवा मृत्युपत्रांच्या कायद्याचा इतिहास वाचत होतो आणि एका तारखेपाशी थांबलो. १ जानेवारी १९२७. आबा हेच वाक्य त्याआधी बोलले असते, तर ते वैध मृत्युपत्र ठरू शकलं असतं!

इंग्रजांनी १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रासाठी कायदा केला. ते लेखी हवं, त्यावर सही हवी, किमान दोन साक्षीदार हवेत. पण तो लागू होता बंगालात आणि मद्रास, मुंबई या शहरांत. खानदेश पडला मोफसल. इथे हिंदू माणसाने तोंडी केलेली व्यवस्थाही कोर्टात सिद्ध करता आली तर चालायची. १९२७ पासून मात्र लेखी मृत्युपत्राची अट सगळीकडच्या हिंदूंना लागू झाली.

म्हणजे आबांचा शब्द ८२ वर्षं उशिरा आला. बरं, मृत्युपत्र नसलं तरी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. फुईने सोडला तो हा वाटा. माहेर तुटू नये म्हणून.

आपण शहरातले लोक फार वेगळे नाही. "नॉमिनी टाकलाय ना" म्हणून निवांत असतो. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या वारसांतला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की शेअर्सचा नॉमिनी केवळ नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

आणि मृत्युपत्राला लागतं काय? साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक (पण केलेली बरी).

हे सगळं वडिलांना फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या रविवारी ये, माझं लिहून टाकू."

जाणार आहे. फुईच्या वावराचा विषयही तेव्हाच काढणार आहे.