फटफटीवरचं दुसरं माणूस

मोटारसायकलला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. फटफटीवर मागे कुणी बसलं की ते झालं डबलसीट. शब्द इंग्रजीतून आला, पण आता तो आपलाच झाला आहे. ‘ती दोघं डबलसीट नाशिकला जाऊन आली’, असं आपण सहज म्हणतो. इतिहास मात्र असं बोलत नाही. अमुक गृहस्थ अमुक साली मोटारसायकलवरून अमुक देश ओलांडून गेले, असं तो एकवचनात सांगतो. मागे कोण होतं, शेजारी कोण होतं, हे शोधावं लागतं. आज या दुसऱ्या माणसाविषयी आणि दोघांनी मिळून केलेल्या लांबच्या प्रवासांविषयी बोलायचं आहे.

एक गोष्ट आधी मान्य करू. हे वाहन जन्मतः एकट्याचंच होतं. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीवर पेट्रोलचं इंजिन बसवलं. त्या गाडीला खोगीर एकच होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये डाइमलरचा मुलगा पाउल तीवरून काही किलोमीटर जाऊन आला. बैलगाडीत, टांग्यात, आगगाडीत माणूस कुटुंबासह बसतो. या नव्या यंत्रावर मात्र घरच्यांना जागाच नव्हती. ती पुढे करावी लागली, आणि ती कशी होत गेली यात एक छोटासा सामाजिक इतिहास दडला आहे.

पहिली चांगली सोय झाली ती साइडकारची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारसायकलच्या कडेला एक चाक आणि एक डबा जोडला जाऊ लागला. मोटार परवडत नव्हती अशा युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांची ती मोटार ठरली. तिच्या जोरावर बायका लांबच्या रस्त्याला लागल्या. १९१५ च्या मे महिन्यात एफी हॉचकिस नावाची तरुणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून निघाली. हार्ले-डेव्हिडसन गाडी, तिला साइडकार आणि साइडकारमध्ये तिची आई एव्हिस. ऑगस्टमध्ये या मायलेकी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचल्या आणि पुन्हा घरी परतल्या. जाऊन-येऊन सुमारे ९,००० मैल, म्हणजे साडेचौदा हजार किलोमीटर. शहराबाहेर पक्के रस्ते फारसे नव्हते. न्यू मेक्सिकोत जवळच्या ट्यूब संपल्या, तेव्हा त्यांनी ब्लँकेट कापलं, त्याची गुंडाळी करून टायरमध्ये भरली आणि गाडी पुढच्या गावापर्यंत नेली. घरातल्या गोधडीचा असा उपयोग आपल्याकडच्या कुठल्याही आईला सुचला असता!

नवराबायकोच्या जोडीकडे वळायचं तर डॉट आणि अर्ल रॉबिन्सन यांचं नाव घ्यावं लागेल. डॉट १९१२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जन्मली. तिचे वडील साइडकार बनवत. बाळंतपणाच्या वेळी तिच्या आईला साइडकारमधूनच दवाखान्यात नेलं, अशी कथा त्या घराण्यात सांगितली जाई. पुढे हे कुटुंब अमेरिकेत मिशिगन राज्यात गेलं आणि १९३१ साली डॉटचं अर्लशी लग्न झालं. १९३५ साली या दोघांनी लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवर ८९ तास ५८ मिनिटांत कापलं. तो विक्रम होता.

हा आकडा नीट पाहा. अंतर अंदाजे पाच हजार किलोमीटर. म्हणजे सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. आजची साधी मोटारसायकलही याहून वेगानं जाते. पण हा वेग दिवसरात्र जवळजवळ चार दिवस टिकवायचा होता. पेट्रोल भरणं, खाणं, डुलकी, बिघाड, सगळं त्यातच धरायचं. एकट्या माणसाला ते झेपणं कठीण. इथे विक्रम यंत्राचा कमी आणि दोघांमधल्या जमण्याचा जास्त होता, असं मला वाटतं.

डॉट तेवढ्यावर थांबली नाही. १९४० मध्ये ‘जॅक पाइन’ या ५०० मैलांच्या खडतर शर्यतीत तिनं साइडकार गटात पहिला क्रमांक मिळवला. त्याच सुमारास लिंडा डुगो या मैत्रिणीबरोबर तिनं ‘मोटर मेड्स’ ही मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली. सुरुवातीला ५१ सभासद होत्या. सभासदत्वाची एक अट मोठी बोलकी होती. गाडी स्वतःची किंवा घरातली हवी आणि ती स्वतः चालवता यायला हवी. साइडकारमध्ये जन्मकथा सुरू झालेल्या मुलीनं हँडल हाती घेतलं आणि इतर बायकांच्याही हाती दिलं. १९९९ साली ती वारली, तोवर मोटारसायकल चालवणारी बाई ही अमेरिकेत नवलाची गोष्ट उरली नव्हती.

आता शेजारच्या डब्यातून मागच्या सीटवर येऊ. हा किस्सा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. जोडी नवराबायकोची नाही, दोन मित्रांची आहे, पण मागच्या सीटचं मोल कळायला ती फार उपयोगी पडते. १९३३ साली माक्स राइश आणि हर्बर्ट टिखी हे दोन ऑस्ट्रियन तरुण २५० सीसीच्या पुख मोटारसायकलवर व्हिएन्नाहून निघाले. दोघंही वीस-एकवीस वर्षांचे. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण करत ते बलुचिस्तानातून हिंदुस्थानात शिरले आणि सुमारे १३,००० किलोमीटर कापून मुंबईला पोहोचले. मोटारसायकलवरून खुश्कीच्या मार्गानं युरोपातून हिंदुस्थानात येण्याचा हा आरंभीचा मोठा प्रवास. चालक म्हणून नाव राइशचं झालं. मागे बसलेल्या टिखीचं काय झालं? तो पुढे हिमालयाच्या ओढीनं पुन्हा आला, यात्रेकरूच्या वेशात कैलासपर्यंत गेला. १९ ऑक्टोबर १९५४ रोजी जगातल्या सहाव्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, चो ओयूवर, पहिल्यांदा माणसाचं पाऊल पडलं. तिथे पोहोचलेल्या तिघांत पासांग दावा लामा आणि योझेफ यॉखलर यांच्याबरोबर हर्बर्ट टिखी होता. पुढचा माणूस रस्त्यावरचे खड्डे बघत असतो. मागच्याला डोंगर बघायला सवड असते!

मागच्या सीटची दखल आपल्याकडे चक्क कायद्यानंही घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा असलीच पाहिजे. शिवाय मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. चाकाशेजारची ती जाळी म्हणजे आपला साडीगार्ड. साडीचा पदर, ओढणी, बुरखा यांचा विचार करून केलेला हा नियम आहे. कारखान्यांनी पुढच्या माणसासाठी यंत्र बनवलं, नियमानं मागच्या बाईला त्यात जागा करून दिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांच्या प्रवासाचे दोन नमुने दिसतात. पहिला, एकाच गाडीवर दोघं. ऑस्ट्रेलियाचे पीटर आणि के फॉरवुड १९९६ साली हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइड गाडीवर निघाले. त्याच एका गाडीवरून जगातल्या प्रत्येक देशात जायचं, हा पुढे त्यांचा ध्यास झाला. दुसरा, दोघांच्या दोन गाड्या. क्रिस आणि एरिन राते हे अमेरिकन जोडपं १९९९ ते २००३ या काळात आपापल्या मोटारसायकलवर फिरलं. सहा खंड, ५० देश, १,६३,०६१ किलोमीटर. जोडप्यानं केलेला सर्वांत लांबचा मोटारसायकल प्रवास म्हणून गिनीजनं त्याची नोंद घेतली. त्या नोंदीत दोन्ही नावं आहेत, कारण दोघांच्याही हातात हँडल होतं.

यातलं चांगलं कोणतं? एका गाडीत खर्च कमी, सीमेवर कागद एकाच गाडीचे, जहाजाचं भाडंही एकाच गाडीचं. पण सगळं ओझं मागच्या चाकावर. टायर लवकर झिजतो, हवा जास्त ठेवावी लागते, आणि सामान दोघांत मिळून एकाच्या हिशेबानं घ्यावं लागतं. दोन गाड्यांत दोघंही मोकळी, एक बंद पडली तर दुसरी मदतीला. पण पेट्रोल दुप्पट, कागद दुप्पट, आणि दिवसभर बोलणं नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर, आपण दोघांनी आज एकच रस्ता पाहिला का, हे विचारावं लागतं.

अशा मोठ्या प्रवासाची आखणी कशी होते, हेही सांगायला हवं. लोकांना वाटतं, नकाशा पसरायचा आणि रेघ ओढायची. प्रत्यक्षात पहिला प्रश्न ऋतूचा असतो. आपल्याकडून पुष्कळ जोडपी बुलेटवरून लडाखला जातात. मनालीहून लेहची वाट साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच मोकळी असते. म्हणजे आधी बर्फाला विचारायचं, मग साहेबाकडे रजा मागायची. दुसरा प्रश्न भूगोलाचा. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाऊ म्हणणाऱ्याला पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही. तिथे जंगल आणि दलदल आहे. गाडी जहाजात किंवा विमानात घालावीच लागते.

तिसरा प्रश्न कागदांचा. माणसाला पासपोर्ट लागतो, तसा अनेक देशांत गाडीलाही लागतो. त्याला ‘कार्ने’ म्हणतात. तुम्ही परदेशात गाडी नेता, ती तिथे विकून जकात बुडवणार नाही कशावरून? म्हणून आपल्या देशातली मोटार संघटना हमी घेते आणि त्या बदल्यात तुमच्याकडून अनामत किंवा बँकेची हमी घेते. कार्नेच्या प्रत्येक पानावर गाडी आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा शिक्का हवा. एक शिक्का चुकला तर अनामत अडकते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन अशा प्रवाशांना याच कामासाठी माहीत असते. दोघांच्या प्रवासात हे शिक्के सांभाळणारं माणूस बहुधा एकच असतं. विक्रमाच्या बातमीत त्या कामाचा उल्लेख नसतो.

आणि चौथा प्रश्न राजकारणाचा. त्यापुढे कुणाचंच चालत नाही. राइश आणि टिखी १९३३ साली क्वेट्टाहून मुंबईला आले, तेव्हा मध्ये एकही आंतरराष्ट्रीय सरहद्द नव्हती. १९४७ साली ती पडली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून येणारे प्रवासी इराणमधून हेरात, कंदाहार, काबूल करत खैबर खिंडीतून उतरत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. ती वाट बंद पडली, तेव्हा प्रवासी पुन्हा बलुचिस्तानच्या जुन्या वाटेकडे वळले. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं अटारीची चौकीही बंद केली. बाविसाव्या वर्षाच्या आत दोन पोरांनी अडीचशे सीसीच्या गाडीवर जी वाट काढली, तीच वाट आज मुंबईच्या एखाद्या जोडप्याला उलट दिशेनं व्हिएन्नापर्यंत धरता येत नाही. गाडी उत्तम आहे, रस्ते सुधारलेत, पैसाही जमवता येईल. पण मधलं दार बंद आहे. प्रगती नेहमी पुढेच जाते असं मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा पाहावा.

मराठीत ‘मुशाफिरी’ हा सुंदर शब्द आहे. मूळ अरबी ‘सफर’. त्याच धातूपासून मुसाफिर, मग आपली मुशाफिरी. फारसी-उर्दूत ‘सफर’ला ‘हम’ जोडला की ‘हमसफर’ होतो. हमसफर म्हणजे नुसता बरोबर असलेला नव्हे. त्याचा आणि तुमचा प्रवास एकच असतो. त्यात पुढचा-मागचा असा भेद नाही. मोटारसायकलच्या इतिहासाला हा शब्द समजायला बराच वेळ लागला.

तेव्हा वाचकहो, जुन्या प्रवासाचं एखादं छायाचित्र कुठे दिसलं तर जरा थांबून पाहा. वाळवंट आहे, धुळीनं माखलेली गाडी आहे, हँडल धरून एकच माणूस उभा आहे. खाली त्याचं नाव आहे. आता एवढंच विचारा, की हे छायाचित्र काढलं कुणी? ते काढणारं माणूसही तेवढंच अंतर चालून आलेलं असतं. त्याचंही नाव विचारायला हवं.