कळस आधी, पाया नंतर

देहूहून तळवडे, चिखली, मोशी करीत आळंदीला जाणारा रस्ता आज जागोजागी कारखान्यांच्या कुंपणांना लागून जातो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या या पट्ट्यात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेल्या आम्हा मंडळींना एका गोष्टीचा सहसा विसर पडतो. या रस्त्याच्या दोन टोकांनी मराठी बोलपटाला दोन थोर विषय दिले. ‘प्रभात’ने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’. दोन्हींचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. वारकरी परंपरा ज्ञानदेवांना पाया मानते आणि तुकोबांना कळस. प्रभातने कळस आधी चढविला आणि पाया चार वर्षांनी भरला!

आधी घडलेले मागाहून सांगणाऱ्या चित्रपटाला हल्ली ‘प्रीक्वेल’ म्हणतात. दोन संतांमध्ये साडेतीन शतकांचे अंतर असल्याने हा शब्द येथे काटेकोरपणे लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. पण पेच तोच आहे. शेवट प्रेक्षकाला ठाऊक असतो आणि मधल्या काळात ट्रिकसीनचे तंत्र पुढे गेलेले असते.

हॉलिवूडच्या विज्ञानपटांनाही हा पेच सुटलेला नाही. जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा. त्याच्या पूर्वकथेचा पहिला भाग, ‘द फँटम मेनेस’, आला १९९९ मध्ये. बावीस वर्षांत संगणकाने चित्रणाची रीतच पालटली होती, त्यामुळे कथेतला जुना काळ पुढच्या काळाहून झगमगीत दिसू लागला. आजोबांच्या लग्नाचे छायाचित्र रंगीत आणि नातवाचे कृष्णधवल, तशातला हा प्रकार. २०१६ च्या ‘रोग वन’ने उलट वाट धरली. १९७७ ची यंत्रे, वेष, भिंतींवरचे ओरखडेसुद्धा त्याने निष्ठेने राखले. मात्र १९९४ साली निवर्तलेल्या पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाद्वारे दुसऱ्या नटावर बसविला. तो चेहरा पडद्यावर आला की आमचे लक्ष कथेतून उडते. आम्ही केवळ त्याचे ओठ न्याहाळत बसतो.

‘संत तुकाराम’मध्येही करामती आहेतच. अखेरीस गरुडाच्या आकाराचे विमान तुकोबांना घेऊन आकाशात जाते. पण त्याआधी आपण घरातली उपासमार पाहिलेली असते, विठोबालाच जाब विचारायला देवळात शिरणारी जिजाई पाहिलेली असते. गौरीबाईंनी उभी केलेली ही जिजाई विमान वर जाते तेव्हा जमिनीवरच राहते. म्हणून ते विमान आम्हाला खरे वाटते.

‘संत ज्ञानेश्वर’मध्ये चमत्कारांना अधिक जागा मिळाली. रेडा वेद म्हणतो, चांगदेवांना सामोरी जाण्यासाठी भावंडांसह भिंत चालू लागते. तंत्राच्या दृष्टीने हे पाऊल पुढचेच. तरी आमच्या मते हा बोलपट आधीच्या बोलपटाची उंची गाठत नाही. भिंत चालते ते आम्ही कौतुकाने पाहतो, पण संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली ती चार भावंडे दिसली की घसा दाटून येतो. ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत होते शाहू मोडक, अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांची शांत मुद्रा हाच, आम्हाला विचाराल तर, या चित्रपटातला सर्वांत यशस्वी परिणाम. त्यासाठी ना तार लागली, ना चाके.

आमच्या धर्मग्रामातली कितीतरी मुले चाकणला डाय आणि साचे घडवतात. पडद्यावरची भिंत चालली की ‘खाली रूळ टाकले असतील’ असे त्यांच्या तोंडून आधी निघते, आणि ते स्वाभाविकही आहे.

आळंदीत ती भिंत आजही दाखवितात. गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा एक आजीबाई तिच्याजवळ डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांना कोणी घाई केली नाही.