भांड्यावरचं नाव आणि मिरजेची गीता

व्याख्यानाआधी इथल्या एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, परभणीत राहून छापाचित्रं शिकता येतील का? की मुंबईलाच जावं लागेल?" आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचंच उत्तर आहे. पण ते जरा लांबून द्यावं लागेल.

आहेराचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव टाकायचं का?" आता विजेचं यंत्र आलंय. माझ्या लहानपणी कारागीर बारीक छिन्नी आणि हातोडीनं टिंबाटिंबांचं नाव टाकायचा. समजा, त्या खोलगट अक्षरांत शाई भरली, वरची शाई फडक्यानं पुसली आणि ओलसर कागद ठेवून जोरात दाबला, तर? कागद खाचेत शिरतो, शाई उचलतो. नाव छापलं जातं, पण उलटं! ताम्रपटलावरच्या कोरीव छपाईचं तत्त्व ते एवढंच. लाकडी ठशात याच्या विरुद्ध असतं. तिथं कोरलेला भाग कोरा राहतो आणि उरलेला उंच भाग छापतो.

आता मला पडलेलं कोडं सांगतो. सातवाहन गेले, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव आले. या भूमीत शतकानुशतकं दानाचे ताम्रपट कोरले गेले. तांबं होतं, छिन्नी होती, सराईत हात होता. मग त्यावरून कागदावर छाप का घेतला नाही? कागद उशिरा आला, हे खरं. पण मला वाटतं, खरं कारण हेतूत आहे. ताम्रपट एकच असावा लागतो. त्याचं प्रामाण्यच त्या एकटेपणात आहे. अनेकांपर्यंत पोचायचंय असं ज्याला वाटतं, तोच अक्षर उलटं कोरायचे कष्ट घेतो.

ते वाटणं पुण्यात अठराव्या शतकाच्या शेवटी दिसतं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. आडनावच बघा! त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला आणि आपल्या मराठवाड्यातल्या वेरूळची लेणी समोर बसून रेखाटली. पुढं जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, त्याच्याबरोबरही गंगारामनं काम केलं.

त्याच काळात नाना फडणविसांच्या मनात आलं, गीता छापून वाटावी. पुण्यातल्या एका तांबटाला तांब्यावर कोरून छापायचं तंत्र शिकवण्यात आलं. पण 1800 साली नाना वारले. आश्रय तुटला. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला, आणि 1805 साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. आश्रयदात्यांची नावं आपण सहज सांगतो. कोरणारा मात्र 'एक तांबट' एवढाच उरतो. इतरांच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्या जमातीची ही गोष्ट, म्हणून ती जास्त लागते.

तर त्या विद्यार्थ्याला माझं उत्तर असं. मोठं यंत्र आज परभणीत नसेल, कधीतरी मुंबईला जावंही लागेल. पण जाताना हात आणि डोळा तयार करून जा. चारठाण्याला जा, मंदिराच्या एका खांबासमोर तासभर बसून रेखाटन करा. घरी आल्यावर ते आरशासमोर धरा. सुलट बघताना न दिसलेली चूक उलट्यात चटकन दिसते. खांब कलंडलेला असतो. मग रसाच्या रिकाम्या टेट्रापॅकचा आतला चकचकीत भाग घ्या, सुईनं तेच चित्र त्यावर ओरखडा. रेघांत शाई भरा, पुसा, ओला कागद ठेवून दाबा. पहिला छाप डागाळेल. दहावा कदाचित बरा येईल.

आणि एक करा. छापाखाली पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहा. सुलट. मिरजेच्या त्या कारागिराचं राहून गेलं, तुमचं राहू नये.